रोज घालायची चेन

नणंदेने भर जेवणावळीत "भाबी, गळा कसा गं ओकाबोका तुझा?" असं विचारलं, ते सफियाच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याला, मुनाफला, कर्जतच्या सराफाकडे ओढत नेलं आणि दुकानातले सगळे ट्रे उपसून रोज घालायला एक नाजूक सोन्याची चेन निवडली.

त्याच आठवड्यात भिसेगावात कुणाची तरी चेन भरदिवसा खेचली गेली. सफियाने आपली चेन तडक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आणि रोजच्यासाठी चांदीची घेतली. मग चांदी अशी काही महागली की तीही लॉकरमध्ये गेली. शेवटी तिने साधी सोनेरी मुलाम्याची चेन घेतली, तर दुकानदार म्हणाला, "ताई, हिला घाम लागू देऊ नका, काळी पडेल."

कर्जतच्या उकाड्यात घाम कुणाला चुकलाय! सफियाने तीसुद्धा लॉकरमध्ये नेऊन ठेवली.

"अगं, ती नकली हाय!" मुनाफने कपाळावर हात मारला.

"म्हणून काय झालं? बँकेत एसी हाय."

आता सगळा जीव त्या लॉकरच्या किल्लीत. ती हरवू नये म्हणून सफियाने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यातच घातली, पण घामाने दोरा महिनाभरात कुजला.

परवा ती पुन्हा त्याच सराफासमोर जाऊन बसली.

 

"किल्ली अडकवायला एखादी चेन दाखवा. रोज घालायची हाय, जरा चांगलीच द्या."