तारखांसकट

"नाव सांगा पाहू तुमचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खाटेवर पुढे वाकून बसलेल्या बाईंनी तोंड उघडलं. नावाचं पहिलं अक्षर बाहेर पडलं, दुसऱ्याला श्वास पुरला नाही. प्रत्येक श्वासाबरोबर गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन शहाऐंशी.

"जुना आजार काही?"

बरोबर आलेल्या माणसाने आधी खाटेकडे पाहिलं. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या.

"दमा," तो म्हणाला. "सहा वर्षं. पर्समधला पंप वाटेत चारदा दिलाय यांना."

सिस्टरने ऑक्सिजनवर वाफेचं औषध जोडून मास्क चढवला. डॉक्टरबाईंनी शीर शोधता शोधता विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी?"

"पेनिसिलिनची. अंगावर गांधी उठतात."

"आधी अ‍ॅडमिट केलं होतं?"

"तीनदा. अकरा मार्च आणि चार जून, दोन्ही वेळा संध्याकाळी घरी सोडलं. तिसऱ्यांदा नऊ नोव्हेंबरला, एक रात्र ठेवलं."

डॉक्टरबाईंनी मान वर करून पाहिलं. स्वतःच्या मुलाच्या लसीची तारीख न आठवणारे बाप त्यांनी ढिगाने पाहिले होते. हा माणूस कागद न बघता बोलत होता.

"सुरू कशाने होतो?"

"कामावरच्या पिठाने, असं या म्हणतात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

तो सरकवलेली बाही आणखी वर सरकवू लागला.

"बरं, आज कशाने झाला?"

"सकाळपासून उभ्या होत्या. बोलत होत्या. मी एक जुना गठ्ठा सोडला, त्याची धूळ उडाली." तो मास्ककडे बघत राहिला. "अगदी यांच्या तोंडासमोर."

सिस्टर औषधाची काचेची कुपी फोडता फोडता डॉक्टरबाईंच्या कानाशी आली. "आमच्या घरी विचारा, माझा रक्तगट तरी सांगता येतो का. शिवाय बायकोला 'यांना' म्हणतो. नशीब लागतं."

दुसरी वाफ संपली, तिसरी लागली. स्टेरॉइडचं इंजेक्शन गेलं. आणि एकाएकी छातीतली शिट्टी थांबली.

माणसाने सुस्कारा सोडला. "थांबलं. उतार पडला ना?"

डॉक्टरबाई स्टेथोस्कोप एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेत होत्या. दोन्हीकडे सामसूम. "शिट्टी वाजायलाही हवा लागते," त्या म्हणाल्या. "सिस्टर, मॅग्नेशियम लावा. भूलतज्ज्ञांना बोलवा, नळी घालायची तयारी ठेवा."

बाईंचे डोळे जड होऊ लागले. माणूस खाटेला अगदी खेटून उभा राहिला. बराच वेळ काहीतरी तोंडाशी आलं होतं, ते त्याने शेवटी विचारलं.

"डॉक्टर, हे मुद्दाम करता येतं का? म्हणजे, सोंग?"

डॉक्टरबाईंचे हात थांबले नाहीत. घाबरलेली माणसं काहीही विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं. "ओठ निळे करायचं सोंग मी तरी अजून पाहिलेलं नाही."

तो स्टूल ओढून खाटेशी बसला.

वीस मिनिटं सलाईनच्या नळीतून थेंब पडत राहिले. भूलतज्ज्ञ उशाशी येऊन उभे राहिले. मग छातीत तळाशी कुठेतरी बारीक शिट्टी वाजली. एवढ्या बेसूर आवाजाने कुणाला कधी वाटलं नसेल, तेवढं बरं डॉक्टरबाईंना वाटलं. नव्वद. ब्याण्णव. नळी घालावी लागली नाही.

तासाभराने आकडा पंचाण्णववर स्थिरावला. बाई उशीला टेकून, डोळे उघडून बसल्या. माणूस बाहेर फोनवर बोलत होता. "नाही, मी आज परत येत नाही. उद्याचंही सांगू शकत नाही. तसं कळवा त्यांना."

डॉक्टरबाईंचं कुतूहल काही शमेना. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"तुमच्या मिस्टरांनी सगळं तारखांसकट सांगितलं, म्हणून आमचा वेळ वाचला. इतकं लक्षात ठेवणारा नवरा मी आजवर पाहिला नाही."

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग मास्क हाताने जरा खाली ओढला.

"माझे मिस्टर अजून वाटेत आहेत, डॉक्टर," त्या एकेक शब्द जपून वापरत म्हणाल्या. "हे आमच्या बिस्किट कारखान्याचे वकील. मला दमा नाहीच, असं दोन वर्षं कोर्टाला पटवून देतायत."