उस्तादांची वेळ

“आणि बाकीचे सहा तास काय सिनेमा बघत होतास?”

रंगनाथ उस्तादांनी वही सुदर्शनच्या हातात परत दिली. नोकरीचा पहिलाच दिवस आणि पहिलंच पान चुकलं होतं. ट्रक चालवल्याचे तीन तास दहा मिनिटं सुदर्शनने अगदी इमानदारीने लिहिली होती. हडपसरच्या गोदामात माल भरेपर्यंत गेलेला वेळ आणि चाकणला गेटबाहेर रांगेत काढलेला वेळ मात्र त्याने विश्रांतीच्या रकान्यात टाकला होता.

“तेव्हा गाडी उभीच होती ना, उस्ताद.”

“गाडी उभी होती. पण तुला ती सोडून कुठे जाता येत होतं का? नाही ना? मग ते काम. खोड आणि नीट लिही. खोडलेलं दिसू दे, शेजारी सही कर.”

उस्तादांनी या कंपनीत तीस वर्षं ट्रक चालवला होता. आता निवृत्तीनंतर कंपनी त्यांना नव्या ड्रायव्हरच्या शेजारी महिनाभर बसवायची. महिना संपला की फॉर्मवर त्यांची सही. सही झाली तर नोकरी पक्की, नाहीतर वाशिमची परतीची गाडी. ड्रायव्हरच्या वेळेखाली उस्तादांची वेळही ड्रायव्हरनेच लिहायची, अशी तिथली पद्धत होती.

नोकरी पक्की होणं सुदर्शनला फार गरजेचं होतं. मांजरी गावात नम्रताताईच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या दोन खोल्यांत तो वर्षभर अंग चोरून राहत होता. मेहुणे काही बोलत नसत, हेच जास्त लागायचं. ताईने त्याच्या लग्नासाठी चार ठिकाणी माहिती पाठवली होती. ‘ड्रायव्हर, तोही कच्चा’ हे वाचून तीन घरांतून नकार आला. चौथ्या घरचे तर नकार कळवायचीही तसदी घेईनात.

उस्तादांची जीभ तिखट होती. “वेळ तिथल्या तिथे लिहायची. संध्याकाळी आठवून लिहितात त्याला कादंबरी म्हणतात.” पाच तास झाले की अर्धा तास थांबायचं, आणि तो अर्धा तास टायर तपासण्यात गेला तर ती विश्रांती धरायची नाही. “वहीत तू ताजातवाना दिसलास, तर ऑफिस तुला पुन्हा पिटाळणार. त्यांचा काय दोष? त्यांना वहीच दिसते.”

तिसऱ्या आठवड्यात याचा प्रत्यय आला. चाकणहून परत येतो न येतो तोच ऑफिसातल्या तनुजाने त्याला विश्रांतवाडीची आणखी एक खेप सांगितली. मग तिने वही उघडली. साडेदहा तास भरले होते. ती दुसऱ्या ड्रायव्हरला फोन लावू लागली.

त्या संध्याकाळी सुदर्शनला बसमध्ये उभ्या उभ्या झोप लागली आणि स्टॉप मागे पडला. हीच झोप स्टिअरिंगवर लागली असती तर? आपल्याला आज एका माणसाने वाचवलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी तो उस्तादांच्या पायांशी वाकला.

“कमरेचे व्यायाम घरी करून यावेत,” उस्ताद म्हणाले आणि केबिनमध्ये चढले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सात वाजता उस्ताद आलेच नाहीत. असं पहिल्यांदाच घडत होतं. नेमकी गोदामात रांग लागली होती, त्यामुळे ट्रकही जागचा हलला नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी उस्ताद आले. अंगात ठेवणीतला शर्ट होता.

“एक काम निघालं होतं,” ते म्हणाले. “माझी वेळ सात लिही. गाडी काही हललेली नाही.”

सुदर्शनने वही उघडून पेनाचं टोपण काढलं. ज्या माणसाने हाताला धरून शिकवलं, त्याला चार तासांसाठी नाही म्हणायचं? संध्याकाळी सहीही त्याच हाताची हवी होती. आणि सात लिहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“उस्ताद, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही,” तो म्हणाला. “पण अकरा पाचच लिहितो.”

“माझंच शिकवलेलं माझ्यावर उलटवतोस?”

“हो.”

दिवसभर उस्ताद ‘डावीकडे घे’ यापलीकडे बोलले नाहीत.

संध्याकाळी तनुजाने फॉर्म पुढे केला. उस्तादांनी महिन्याची सगळी पानं सावकाश उलटली. शेवटच्या पानावर ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी सही केली आणि सुदर्शनकडे न बघता जिना उतरून गेले.

नोकरी पक्की झाली, तरी सुदर्शनच्या मनाला चैन पडेना. ज्यांच्यामुळे हे झालं, त्यांनाच आपण दुखावलं. उद्या पत्ता काढून त्यांच्या घरी जायचं आणि क्षमा मागायची, असं ठरवून त्याने वाटेत पेढे घेतले.

ताई दारातच उभी होती. तिला बातमी सांगायला तो तोंड उघडणार, तर तीच आधी बोलली.

“अरे, ते चौथं स्थळ! आज तू गेल्यावर मुलीचे वडील स्वतः आले होते. चहा घेतला, आपली सगळी विचारपूस केली. आणि आत्ता त्यांचा फोन आला. त्यांच्याकडून होकार आहे. अक्षताला रविवारी तुला भेटायचंय, म्हणाले.”

“असा कसा होकार?” सुदर्शन म्हणाला. “त्यांनी तर मला अजून बघितलंसुद्धा नाही.”

“मीही तेच म्हटलं,” ताई म्हणाली. “तर म्हणतात, महिनाभर रोज त्याच्या शेजारी बसून बघतोय.”