मागचा उजवा

“चार वाजता गिऱ्हाईक येईल, तोवर सगळं खोक्यात भर,” म्हणत आई स्वयंपाकघरात गेली. बाबा गेल्यापासून ती हॉलमध्ये बसतच नव्हती. केतकीला मात्र बाबांच्या होम थिएटरवर शेवटचा एक सिनेमा बघायचा होता. एरवी बाबा तिला वायरींना हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आज तिने सोडवून ठेवलेल्या पाच स्पीकरपैकी चार एकटीने जोडले आणि पाचवा जोडण्याआधीच न राहवून बाबांचा पेनड्राइव्ह लावला.

सुरुवातीलाच बाबांचा आवाज आला. स्पीकर तपासायला त्यांनी तो भरून ठेवला होता. “पुढचा डावा. केतू, ऐकू येतंय का?” मग थोडी शांतता. लहानपणी त्या शांततेत ती सोफ्यावरून “येतंय” असं ओरडायची.

“येतंय,” आज ती हळूच म्हणाली. पुढचा उजवा, मधला, मागचा डावा, प्रत्येकाला तिने उत्तर दिलं.

“मागचा उजवा,” बाबा अगदी मानेपाशी बोलले. “शाब्बास, केतू. आता हातातली वायरही जोड.”

केतकीने खाली पाहिलं. पाचव्या स्पीकरची वायर अजून हातातच होती.

दारात आई उभी होती, कणकेचे हात तसेच. “फोन कर त्यांना,” ती म्हणाली. “नाही विकायचं म्हणावं.”