डाळिंबी दोरा

"दे ती कात्री इकडे," शेफिका लेकीला म्हणाली. "तुला जमत नाही म्हणून बाबाच्या हातचं उसवतेस?"

खिडकीपाशी, टेबलावरच्या छोट्या चिमट्यात तिच्या नवऱ्याची, हसीबची शेवटची निंफ अडकवलेली होती. पंख फुटायच्या आधी नदीच्या तळाशी राहणाऱ्या किड्याची, गळावर बांधलेली नक्कल. तांदळाच्या दाण्याएवढी, करडी, अगदीच गबाळी. हसीब हिवाळ्यात गेला. बाकीच्या सगळ्या त्याने प्लिवा नदीतच घालवल्या होत्या, आणि कशा बांधायच्या ते कुणाला सांगितलं असतं तर तो हसीब कसला!

लेकीने, नर्मिनाने या निंफेकडे बघून बघून कितीतरी बांधल्या. तीच सशाची लव, तीच तांब्याची तार. पण ट्राउट मासे जवळ यायचे, मुलगी बघायला आल्यासारखे न्याहाळायचे आणि गुमान निघून जायचे.

"आई, डबीत ठेवून हिचा गळ गंजेल. मग ही पण नाही आणि बाबांची रीत पण नाही."

शेफिकाने लेकीकडून घेतलेली कात्री परत टेबलावर ठेवली. "कर काय करायचं ते. मी बघणार नाही."

ती अर्थातच बघत होती. नर्मिनाने डोक्याजवळचा दोरा कापला. तार सुटली. लव निघाली. आणि आत, जिथे कुणाची नजर जायचं कारणच नव्हतं तिथे, लालभडक रेशीम घट्ट गुंडाळलेलं होतं.

"अगं बाई! माझं रीळ!" शेफिका ओरडली. "उशीवर डाळिंब भरत होते, ते अर्धंच राहिलं. मी मांजराला किती बोलले! आणि हा समोर बसून कॉफी पीत होता, गप्प!"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आतल्या खोलीतून ती उशी घेऊन आली, कात्री उचलली आणि त्या अर्ध्या डाळिंबातला दोरा स्वतःच उसवून लेकीच्या हातात दिला.

नर्मिनाने त्याच गळावर आधी रेशीम गुंडाळलं, वर लव, वर तार. झाली ती पहिल्यासारखीच गबाळी. लाल कुठे दिसेना. तिने ती पाण्याच्या पेल्यात सोडली.

लव भिजली. एकेक केस सुटा होऊन हलू लागला, आणि करड्या अंगाच्या आतून तांबूस उजेड वर आला, जिवंत कातडीखाली रक्त दिसावं तसा. एवढी वर्षं हसीब या खिडकीत बसून हे करत होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

शेफिकाने हळूच बशी उचलली आणि पेल्यावर झाकली.

"हे काय, आई?"

"उडून जाईल," शेफिका म्हणाली.