स्टुलावरची बातमी

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून शिंपीकाकांच्या शेजारी बसल्या. वर चष्माही काढला. तिथेच घात झाला.

कारण हे स्टूल सगळ्या विभागाला ठाऊक होतं. लिव्हरच्या कॅन्सरची वाईट बातमी टेबलापलीकडून फेकायची नाही, पेशंटच्या शेजारी बसून सांगायची, हा बाईंचा तेवीस वर्षांचा नेम. दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना ते स्टूल स्वच्छ दिसायचं. बाई त्यावर बसल्या की बाहेरची कुजबुज आपोआप बंद पडायची. आत्ताही पडली.

काकूंनी नवऱ्याचा हात धरला. शिंपीकाका ठेवणीतला सदरा घालून आले होते. दहा दिवसांत दुसऱ्यांदा स्कॅनला बोलावलं, तेव्हाच त्यांनी काय ते ओळखलं होतं.

वाईट बातमीची वाक्यं बाईंना तोंडपाठ होती. कुठे थांबायचं, पाण्याचा पेला कधी पुढे करायचा, सगळं बसलेलं होतं. चांगल्या बातमीचं मात्र एक वाक्य जवळ असेल तर शपथ. त्यांनी शोधलेल्या औषधाने आजवर ठणठणीत बरे झाले होते ते फक्त उंदीर. ‘आमची आई उंदरांची फार मोठी डॉक्टर आहे,’ असं त्यांची मुलगी चारचौघांत सांगायची. बाई हसायच्या, पण ते लागायचं. माणसांवरच्या चाचणीत शिंपीकाका आठवे. आधीच्या सात जणांच्या गाठी वाढायच्या थांबल्या होत्या इतकंच, आणि तेही काही महिने.

स्कॅनची फिल्म बघून निकाल द्यायचा हक्क बाईंना नव्हता. तो नियम त्यांनीच केलेला. आस लावून बसलेल्या डोळ्यांना हवं ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक फिल्म नाव झाकून, नुसता क्रमांक टाकून, समोरच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या रेडिओलॉजिस्टकडे जायची. सगळे त्यांना नकारघंटा म्हणत, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांची चिठ्ठी आली होती: ‘आठ क्रमांकाची जुनी फिल्म आणि नवी फिल्म एकाच माणसाची नाही. गोंधळ निस्तरून पाठवा.’ बाईंनी नर्सला फाडून खाल्लं. मग शिंपीकाकांना परत बोलावलं आणि स्वतः उभं राहून स्कॅन काढून घेतला.

आज सकाळी नकारघंटा धापा टाकत तीन जिने चढून आले. दोन्ही फिल्म त्यांनी खिडकीच्या काचेवर धरल्या. जुन्या फिल्मच्या कोपऱ्यात एक निरुपद्रवी पाण्याचा फोड होता. नव्या फिल्ममध्येही तोच फोड, तेवढाच, तिथेच. म्हणजे माणूस एकच. आणि जुन्या फिल्ममधल्या तीन गाठी? त्या कुठे गेल्या ते मला विचारू नका, चष्मा पुसून पुसून पाहिलं, असं म्हणून नकारघंटा बसायचंही विसरून निघून गेले.

हे सगळं आता सांगायचं होतं, आणि बाईंचे डोळे भरून आले. स्टुलावर बसून त्या कधी रडल्या नव्हत्या.

शिंपीकाकांनी ते पाहिलं. सुईने चरे पडलेली बोटं त्यांनी बाईंच्या हातावर ठेवली. दीड वर्ष अहो-जाहो करणारा माणूस पहिल्यांदाच एकेरीवर आला.

“पोरी, जिवाला लावून घेऊ नकोस. तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस.”

“काका, गाठी नाहीत,” बाई कशाबशा म्हणाल्या. “एकही नाही. मी इथे सवयीने बसले.”

मग त्यांनी रीतसर सगळं सांगितलं. दर तीन महिन्यांनी यावं लागेल, फिल्म काढावी लागेल, पुढची हमी कुणीच देऊ शकत नाही. काकूंनी त्यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि मध्येच नवऱ्याच्या दंडावर चापट मारत होत्या. काका मात्र एकदम गंभीर झाले.

“माझी कात्री मी देऊन टाकली हो,” ते म्हणाले. “समोरच्या शिंप्याला. चाळीस वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो. म्हटलं, जाताना वैर कशाला. आता कोणत्या तोंडाने परत मागू?”

“तुम्ही नका मागू,” काकू म्हणाल्या. “मी मागते.”

कात्री संध्याकाळपर्यंत घरी येणार, याबद्दल बाईंना शंका उरली नाही. तिघंही हसत सुटले. बाईंना तर ते आवरेना. विभागात इतक्या मोठ्याने हसायची पद्धत नव्हती, पण आज त्यांना कशाचीच पर्वा नव्हती. बाहेरची माणसं काचेला नाक लावून बघत होती.

ती दोघं गेल्यावर बाई टेबलामागे जाऊन बसल्या, चष्मा चढवला, चेहरा जागेवर आणला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. क्रमांक नऊ, एक आडदांड बसड्रायव्हर. त्याच्या निकालाचं पाकीट नकारघंटांकडून नुकतंच आलं होतं आणि अजून फोडलेलं नव्हतं.

बसड्रायव्हर आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. त्याने वाकून स्टूल उचललं, आपल्या खुर्चीला चिकटून ठेवलं आणि रुमालाने झटकलं.

“पाकीट नंतर,” तो म्हणाला. “आधी तुम्ही इथे बसा.”