माझ्या नावाचा अल्बम

माझ्या बायकोला, सगुणाला, चर्चच्या संडे स्कूलचे जुने हजेरीचे अल्बम जमवायचा नाद होता. मूल आलं की त्या रविवारचं चित्राचं तिकीट चिकटवायचं, नाही आलं की चौकोन रिकामा. मी मात्र दर रविवारी ट्रेलर घेऊन डोंगरातल्या रस्त्याने आखातातल्या खोर फक्कान बंदराला जायचो. ती टोमणा मारायची, "अहो, वर देवाने हजेरी विचारली तर काय दाखवाल?"

ती गेल्यावर कपाट आवरताना एका अल्बमवर माझंच नाव दिसलं. आत सगळे रिकामे चौकोन असणार, या भीतीने महिनाभर उघडायचा धीर झाला नाही. आज उघडला. एकही चौकोन रिकामा नव्हता.


प्रत्येक तिकिटाखाली तिनं लिहिलं होतं, "आजही सुखरूप घरी आले."