हाराची मागची बाजू

"अंडी?" हिलालने टेबलावर थाप मारली. "माझ्या आईच्या हाराला मी अंड्यांनी काळं केलं, असं म्हणायचंय तुला?"

"तुम्ही केलं असं म्हटलं का मी, काका?" संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारी रय्या म्हणाली. "उकडलेल्या अंड्यांबरोबर डब्यात ठेवली की कालची चांदी शंभर वर्षांची दिसते. मस्कतच्या बाजारात असा माल पोत्याने मिळतो. तपासायला नको?"

हार जाडजूड नाण्यांचा होता. या नाण्यांवरच्या सालाचा काही उपयोग नसतो. कधीही पाडली तरी छाप १७८०चाच. वय कळायचं ते चांदीवर चढलेल्या रंगावरूनच.

"आणि आपल्याकडे बाई गेली की तिची चांदी वितळवतात. हा कसा राहिला?"

"बाबांचं मन झालं नसेल." हिलालचा आवाज चढला. "निझवाच्या काझीची मुलगी होती ती. मला जन्म देताना गेली. बाबांनी परत लग्नाचं नाव काढलं नाही. आणि तू तिच्या हाराला खोटा म्हणतेस?"

बाबा जाऊन तीन महिने झाले होते. हार त्यांच्याच पेटीत सापडला. तो काचेमागे, आईच्या नावाने, सगळ्या गावाला दिसावा एवढीच हिलालची इच्छा होती. आईची दुसरी कुठलीच वस्तू त्याच्याकडे नव्हती, साधा फोटोसुद्धा नाही.

आठवड्याने रय्याने त्याला बोलावलं.

"चुकले मी, काका. हार अस्सल आहे. खाचांमधला काळा रंग थरावर थर चढलाय. मध्ये मध्ये लोबानाचा धूर, घाम, केशर. अंड्यांनी हे होत नाही."

"सांगत होतो."

"पण मागची बाजू बघा. अंगाला घासून गुळगुळीत. पन्नास वर्षं पेटीत पडला असता तर हीसुद्धा काळीठिक्कर झाली असती. हिच्यावर दोन-तीन महिन्यांची पिवळट झाक आहे, बस. झीजही सगळी एकाच जागी. एकच बाई हा हार जन्मभर घालत होती, अगदी परवापरवापर्यंत."

हिलालला पुढचं ऐकवेना. घरात दुसरी बाई होती ती एकच. मबरूका. ती लहान असताना आजोबांनी विकत आणलेली, पुढे कायद्याने मोकळी झाली तरी याच घरात राहिलेली स्वयंपाकीण. हिलालला तिनेच वाढवलं होतं. म्हणून काय आईच्या दागिन्याला हात लावायचा? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई. हार त्याने तसाच उचलला. गाडी त्याने कशीबशी घरी आणली.

बाबा गेल्यापासून मबरूकाने चूल सोडली होती. खोलीबाहेर पाऊल टाकत नव्हती. म्हातारीला आता काम नको झालंय, असं हिलाल सगळ्यांना सांगायचा.

त्याने दार ढकललं आणि हार तिच्यासमोर धरला.

"हा तू घालत होतीस?"

मबरूकाने हाराकडे पाहिलं. "हो. कपड्याच्या आतून."

"लाज नाही वाटली? काझीच्या मुलीची चांदी तुझ्या गळ्यात? माझी आई कबरीत, आणि तू तिच्या जिवावर मिरवतेस?"

"मिरवले कुठे? कोणाला दिसला तरी का?"

"चोर मिरवतो का कधी? बाबांना कळलं असतं तर उभी चिरली असती तुला."

"त्यांनीच घातला होता गळ्यात."

"मेलेल्या माणसावर आळ घेऊ नकोस." हिलाल ओरडला. "एवढं खरं होतं तर बाबा गेल्याबरोबर गुपचूप पेटीत का टाकलास? चोरी अंगाशी येईल म्हणूनच ना?"

"चोरी कसली," मबरूका म्हणाली. "नवरा गेला की चांदी उतरवावी लागते, लेकरा."